ब्रिटन: युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न किंवा बेरोजगारी असताना मिळणारी सरकारी मदत) मागताना भारतातल्या ठेवी दाखवायच्या का?

प्रश्न: नोकरी गेली आहे, आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना) आहे. पुण्यात मुदत ठेव आणि भाड्याने दिलेला फ्लॅट आहे. अर्जात हे सांगावं लागतं का?

उत्तर: दोन्ही सांगावं लागतं, पैसा कुठल्याही देशात असो. तुमचं आणि जोडीदाराचं मिळून भांडवल १६,००० पौंडांवर गेलं की हक्क संपतो. ६,००० पर्यंत कपात नाही. पुढे दर २५० पौंडांमागे महिना ४.३५ पौंड उत्पन्न धरतात. फ्लॅटची बाजारभावाने किंमत धरून विक्रीखर्चापोटी त्या किमतीच्या १०% आणि त्यावरचं कर्ज वजा करतात. लपवलंत तर जादा दिलेली रक्कम वसूल होते, आणि मुद्दाम लपवल्याचं दिसलं तर खटलाही होऊ शकतो. कृपया हा धोका पत्करू नका.

उत्तर: फ्लॅटमुळे युनिव्हर्सल क्रेडिट बहुधा मिळणारच नाही. आधी न्यू स्टाईल जॉबसीकर्स अलाउन्स (काम शोधणाऱ्यांचा भत्ता) मागा. त्यात बचत किंवा जोडीदाराचा पगार बघत नाहीत. मागच्या दोन करवर्षांतलं नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापलं जाणारं सामाजिक विम्याचं योगदान) पुरेसं लागतं. कमाल सहा महिने मिळतो.

उत्तर: काम शोधल्याचा पुरावा रोजच्या रोज ठेवा: पद, कंपनी, तारीख, आलेलं उत्तर. 'बऱ्याच ठिकाणी अर्ज केले' एवढं वर्क कोचला (जॉबसेंटरमधल्या तुमच्या सल्लागाराला) पुरत नाही. भेट चुकली आणि सबळ कारण नसलं की भत्ता कापतात. भारतात जायचं असेल तर निघण्यापूर्वी कळवा.