इन्सुलिनचा स्राव, स्त्राव की उत्सर्जन?

प्रश्न : 'निरोगी व्यक्तीत रक्तातली साखर वाढली की इन्सुलिनचे उत्सर्जन वाढते' असं एका प्रयोगावरच्या लेखातलं वाक्य तपासायला आलंय. 'उत्सर्जन' चालेल? नसेल तर 'स्राव' की 'स्त्राव'?

– 'स्राव'. धातू 'स्रु', म्हणजे वाहणं, पाझरणं. त्यात 'त' कुठेच नाही. 'सहस्र'चं 'सहस्त्र' होतं तीच गत. 'उत्सर्जन' लघवी-घामासारखं नको ते बाहेर टाकण्यासाठी ठेवा. इन्सुलिन तर रक्तात जातं, कामावर. क्रियापद 'स्रवणे'.

– शब्द सुटला, पण 'वाढते' कसं? शिरेतून ग्लुकोज देऊन साखर एकदम चढवली आणि तिथेच धरून ठेवली, तर स्राव दोन टप्प्यांत होतो. पहिला काही मिनिटांत टोक गाठतो आणि साधारण १० मिनिटांत ओसरतो. दुसरा सावकाश चढतो, साखर वर आहे तोवर चालतो. ग्लुकोज स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत जळतं, एटीपी हे पेशीचं इंधन वाढतं, पेशीच्या पडद्यातली पोटॅशियमची दारं मिटतात, कॅल्शियम आत शिरतं. मग पेशीच्या कडेला तयार असलेल्या, इन्सुलिनने भरलेल्या कणिका आधी रित्या होतात. तो पहिला टप्पा. त्याला 'पान्हा' म्हणावं आणि दुसऱ्याला 'पाझर'!

– पान्हा झकास, पण लेखात नको, 'पहिला टप्पा' पुरे. खरा घोळ 'स्राव' आणि 'पातळी' एकच धरण्यात आहे. स्राव म्हणजे दर, मिनिटाला किती सुटलं ते. पातळी म्हणजे रक्तात सापडलं ते. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि जवळपास निम्मं तिथेच संपतं; पुढे गेलेलंही पाचेक मिनिटांत अर्ध्यावर येतं. म्हणून स्राव काढायला सी-पेप्टाइड, म्हणजे इन्सुलिन तयार होताना वेगळा होणारा तुकडा, मोजतात. इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूमागे त्याचा एक रेणू सुटतो आणि यकृत त्याला फारसं अडवत नाही. मूळ मजकुरात नुसता इन्सुलिनचा आकडा असेल, तर 'पातळी'च लिहा.

– साखर कुठून गेली तेही हवं. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यातून पाजलं, की आतड्यातून जीएलपी-१ आणि जीआयपी ही इन्सुलिनचा स्राव वाढवणारी संप्रेरकं सुटतात. रक्तातली साखर तितकीच चढली तरी शिरेतून दिल्यापेक्षा इन्सुलिन जास्त स्रवतं.

प्रश्नकर्ता : मूळ प्रयोग शिरेतूनच आहे, सी-पेप्टाइडही मोजलंय. मग 'शिरेतून ग्लुकोज देऊन रक्तातली साखर वाढवली की इन्सुलिन अधिक स्रवते'?

– उत्तम. 'स्रवते'तला 'त' मात्र राहू द्या, तो आपल्या जागी आहे.