मदत हवी आहे: ३२ बोरच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पिस्तुलाची काडतुसं चालतात का?

केळीबाग_रावेर
मंडळी, पटकन सांगा. वडिलांची ३२ बोरची रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर झाली आहे. कागदपत्रं सगळी झालीत, त्यावर नका विचारू. काडतुसं घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणे, रिव्हॉल्व्हरची संपलीत, पिस्तुलाची घ्या, तीही ३२च. एक घालून पाहिलं, बरोबर बसतं, चक्रीही फिरते. जोर जास्त असतो म्हणतात. हो की नाही एवढंच सांगा, शनिवारी परत जायचंय.

तापीकाठ
कोणत्या कंपनीची? मधून मोडणारी की चक्री बाजूला निघणारी? डब्यावर काय लिहिलंय? एवढं तर टाका ना भो. 'जुनी' म्हणजे इंग्रजांच्या वेळची की कानपूरची?

शिरपूरकर
बिनधास्त वापरा. माझे मामा तीच वापरायचे, काही झालं नाही. ३२ म्हणजे ३२. परवान्यावर पण तेवढंच लिहिलेलं असतं.

निवृत्त_आर्मरर
शिरपूरकर, तिथेच तर घोळ आहे. परवान्यावर नुसतं '३२ बोर' असतं, पण काडतुसं दोन वेगळी. रिव्हॉल्व्हरचं ते ३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालचं. पिस्तुलाचं ते ३२ एसीपी, १८९९चं. अमेरिकेच्या 'सामी'ने (बंदुका-काडतुसांची मानकं ठरवणारी तिथली संस्था) पहिल्याला कमाल दाब ठरवलाय १५,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तेवढे पौंड, दुसऱ्याला २०,५००. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त.
दोघांच्या नळकांड्याची जाडी जवळपास सारखी, म्हणून पिस्तुलाचं काडतूस आत जातं. बूड बघा. लाँगची कडा साडेनऊ मिलिमीटर, एसीपीची नऊला जेमतेम वर. त्या केसभर कडेवर ते अडकून राहतं. मागे-पुढे झालं तर घोडा आपटूनही बार होत नाही, आणि झाला तर रिकामं टरफल काढताना कडा निसटते.

सातपुडा_पायथा
डुकरांसाठी हवीय का? रिव्हॉल्व्हरने डुक्कर नुसतं जखमी होतं आणि अंगावर येतं. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलं तर तुम्हीच आत. झटका मशीन लावा. आमच्या केळीला चारही बाजूंनी तार आहे, एक डुक्कर शिरत नाही.

केळीबाग_रावेर
डुकरांचा विषय कुठून आला?? शेतात रात्री मोटर चालू करायला एकटं जावं लागतं म्हणून ठेवलीय. मोडणारी आहे, वेबली. डब्यावर ७.६५ लिहिलंय.

निवृत्त_आर्मरर
७.६५ दोन्हींवर असतं. त्याच्या पुढचा आकडा सांगा. ७.६५ × १७ असेल तर पिस्तुलाचं, ७.६५ × २३ असेल तर रिव्हॉल्व्हरचं. तो आकडा म्हणजे टरफलाची लांबी, मिलिमीटरमध्ये.

केळीबाग_रावेर
१७.

भुसावळचा_राजा
वरणगावला आपल्याच जिल्ह्यात काडतुसांचा कारखाना असताना दुकानात माल नाही, काय म्हणावं याला! ओळख काढून तिथून मिळतील का?

तापीकाठ
वरणगावला फौजेचा माल बनतो भो, ५.५६ आणि ७.६२. गेटवर किरकोळ विक्री नसते. ओळख काढायला जाल तर पोलीसच तुमची ओळख परेड घेतील.

शिरपूरकर
वेबली असेल तर चिंताच नको. इंग्रजी पोलाद. विलायतेत जादा बारूद भरून तपासूनच शिक्का मारत. साडेपाच हजाराने काय होतंय? आजची पोरं उगाच घाबरवतात.

निवृत्त_आर्मरर
पोरगा नाही, पेन्शन घेतो. तपासणी होत असे हे खरं, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून तेच करतंय. पण ती चाचणी त्या हत्याराच्या स्वतःच्या काडतुसाच्या हिशोबाने, आणि नवं असताना. नंतर किती बार झाले, पावसाळ्यात कपाटात किती गंज धरला, हे शिक्का सांगत नाही. आणि मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक बाराचा धक्का खालची बिजागरी आणि वरचा खटका झेलतो. चक्री पहिल्याच बाराला फुटेल असं मी म्हणत नाही. आधी खटका सैल होतो, मग चक्री आणि नळीतली फट वाढते, चक्रीतला काडतुसाचा खण नळीसमोर नीट येत नाही आणि शिशाची कीस बाजूला उडते. मामांचं काही झालं नाही, पण मामांच्या रिव्हॉल्व्हरचं काय झालं ते सांगा.

शिरपूरकर
विकली.

वकील_धुळे
शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. वारसाने आधीचं हत्यार जमा केलं आहे का?

केळीबाग_रावेर
साहेब, ते झालंय असं वरच लिहिलंय. नळीवर मुकुटासारखा शिक्का आहे, पुढे आकडा पुसलेला आणि 'टन'. याचा अर्थ काय? आणि बंद केल्यावर नळी हाताने थोडी हलते. आधीपासूनच हलते.

निवृत्त_आर्मरर
टन म्हणजे दर चौरस इंचाला किती टन दाब, १९५४ च्या नियमांनंतरच्या ब्रिटिश हत्यारांवर कोरत असत. म्हणजे तुमची फार म्हातारी नाही. त्याचं पीएसआय करत बसू नका, मोजायची पद्धत वेगळी होती.
पण बंद केल्यावर नळी हलते, हे आधी सांगायचं ना! एसीपी सोडा, लाँगचं काडतूसही आता घालू नका. रिकामी करून परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या, खटका आणि बिजागरी दाखवा. खालच्या कपाटात पडलेली जुनी काडतुसं असतील तर तीही उडवून बघू नका.

शिरपूरकर
नळी हलत असेल तर मग वेगळं.

अमळनेर_आप्पा
भाऊ, पयले काडतूसना न् खटकाना फोटू टाक, मंग बोलूत.

केळीबाग_रावेर
फोटो टाकत नाही, नंबर दिसतो. दुकानदाराला फोन केला, २३ वाली मागवतो म्हणाला, दिवाळीनंतर येतील. दुरुस्तीवाला भुसावळला कोणी परवानाधारक आहे का, की नाशिकलाच जावं लागेल?

सातपुडा_पायथा
रात्री मोटरसाठीच जायचं असेल तर मोबाईलवर चालू होणारा स्टार्टर बसवा ना. जायचंच कशाला?

भुसावळचा_राजा
तो स्टार्टर सिंगल फेजवर चालतो का? आमच्याकडे रात्री थ्री फेज दोनला येते.