गर्भाचं ट्रान्सफर (गर्भाशयात सोडणं) फसलं. दत्तकाची नोंदणी आत्ताच करावी का?

मुक्ता, लोकमान्यनगर, इंदूर
आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) पुन्हा फसलं. बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाची रक्तचाचणी, निगेटिव्ह. मी 39, नवरा 43. गोठवलेले गर्भ अजून शिल्लक आहेत आणि डॉक्टरांना लगेच पुढचं ट्रान्सफर करायचंय. माझं मत असं, की उपचार थांबवावा आणि 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाच्या केंद्रीय सरकारी संस्थेकडे, दत्तकासाठी नाव नोंदवावं. 2022 च्या दत्तक नियमांप्रमाणे 2 वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या वर चालत नाही. आमची आज 82 आहे, आणि दर वर्षी 2 ने वाढणार. गर्भ मात्र आयव्हीएफसारख्या उपचारांच्या 2021 च्या कायद्याने 10 वर्षांपर्यंत ठेवता येतात. जे थांबू शकतं ते थांबू दे ना! तुम्हाला काय वाटतं?

सुषमाकाकू, रामबाग
मला हे अजिबात पटत नाही, मुक्ता. नोंदणी म्हणजे रेल्वेचं वेटिंग तिकीट नव्हे, की जमलं तर जाऊ, नाही तर रद्द करू. गर्भ फ्रीझरमध्ये, नाव पोर्टलवर, आणि मन? होम स्टडीला, म्हणजे दत्तकाआधीच्या घरच्या पाहणीला, समाजसेविका घरी येईल, तुम्हा दोघांशी बोलेल. तेव्हा 'उपचार संपवलेत का' याचं उत्तर तयार आहे? येणाऱ्या लेकराने कुणाची जागा भरायला येऊ नये. आधी मनसोक्त रडून घे गं.

अनिरुद्ध
काकूंचं निम्मं मान्य. पण दुःख आवरेपर्यंत थांबायचं म्हटलं तर बेरीज 85 ओलांडेल. मग 2 ते 4 वर्षांच्या मुलासाठी 90 ची मर्यादा लागते. थोडं मोठं मूल चालणार असेल, तर एवढी घाई कशाला? हे आधी नवऱ्याशी बोला.

वैदेही
मी उलट म्हणेन, ट्रान्सफर आधी करा. इंजेक्शनं, अंडी काढणं, सगळं सोसून झालंय. चाळिशीनंतर गरोदरपणात बीपी आणि डायबिटीसचा धोका वाढतो, तो गर्भ गोठवून टळत नाही. फक्त जास्तीच्या महागड्या प्रक्रियांना विचारून होकार द्या. उदाहरणार्थ, गर्भ रुजावा म्हणून गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडे काढण्याचा फायदा 2019 च्या मोठ्या चाचणीत दिसला नव्हता.

मुक्ता
वैदेही, बीपीचा मुद्दा खरा आहे, तो मी धरलाच नव्हता. पण गर्भाचं वय तो तयार झाला तेव्हाच्या अंड्याचंच राहतं, त्यामुळे 'आत्ता नाही तर कधीच नाही' हे मला मान्य नाही. काकू, तुमचं बोलणं लागलं. तरी सांगते, मला जागा भरायची नाही, आई व्हायचंय. नवरा मोठ्या मुलाला तयार आहे, मी अजून नाही.

सुषमाकाकू
मग समाजसेविकेसमोरही असंच बोल. पण गर्भांचं काय करायचं ते दोघांनी ठरवल्याशिवाय फॉर्म भरू नकोस. त्यावर मी ठाम आहे.