जुना आय७-३७७० सकाळी ३.७ गिगाहर्ट्झवर, दुपारी १.६ वर. प्रोसेसर परत करू का? (गुरुवारपर्यंतच मुदत)

पत्रिकावाला, बार्शी

मंडळी, माझं दुकान लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं. काँप्युटर उघडणं हा माझा धंदा नाही, तेव्हा अडाण्यासारखं काही विचारलं तर सांभाळून घ्या.

एच६१ चिपसेटचा साधा मदरबोर्ड आहे, त्यावर दहा वर्षं आय३-२१२० प्रोसेसर चालला. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चोवीस पानी स्मरणिकेची पीडीएफ काढायला तो २ मिनिटं ४० सेकंद घ्यायचा. गिऱ्हाईक समोर बसून पेनाने काउंटर वाजवतं, मला तेवढा वेळ जड जातो. म्हणून मागच्या गुरुवारी मुंबईला कागद आणायला गेलो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून जुना आय७-३७७० उचलला, २,८०० ला. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, एवढ्या मोठ्या प्रोसेसरला बुटका पंखा कुठे लावता?’ म्हणून ७०० चा टॉवर कूलरही घेतला. वॉरंटी ७ दिवसांची, तीही फक्त टेस्टिंगची.

भाच्याने जुन्या आय३वरच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला, मग प्रोसेसर बदलला. मशीन पहिल्या फटक्यात चालू. पहिल्या सकाळी स्मरणिका १ मिनिट ५ सेकंदांत निघाली. मी खूश, भाच्याला वडापाव.

दुपारी दोनला तेच काम ३ मिनिटं १० सेकंद! म्हणजे आय३पेक्षाही मागे. सीपीयू-झेड (प्रोसेसरचा वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर गुणक १६, म्हणजे १६ गुणिले १००, वेग १,६०० मेगाहर्ट्झ, आणि काम चालू असतानाही तिथेच ठाण मांडून. दोन मिनिटं थांबलं की वर उडी मारतो, पुन्हा काम दिलं की पुन्हा १६. सिनेबेंच आर१५ला (प्रोसेसरची ताकद मोजायची चाचणी) सकाळी ६४८ आले होते, दुपारी २८७.

आणि प्रोसेसर तापतही नाहीये. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये सर्वात गरम कोअर (प्रोसेसरमधला काम करणारा भाग) ६१ अंश. मग हा सकाळी जवान आणि दुपारी म्हातारा का होतो? गळ्यात मारलेला माल आहे का? परवा मुदत संपते.

रामभरोसे_रॅम

फसवलं तुम्हाला दादा. जुना माल म्हणजे असंच. उद्याच एसटी पकडा आणि परत करा.

चहाबाज

थांबा, आधी साध्या गोष्टी. काम नसताना १,६०० दिसणं नॉर्मल आहे, या पिढीचा प्रोसेसर वीज वाचवायला १६ च्या गुणकावर बसतो. तुम्ही काम चालू असतानाचं सांगताय, तेव्हा ते सोडा.

पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० टक्के आहे का ते बघा. भाचेमंडळी प्रयोग करून विसरतात. आणि कूलर काढून प्रोसेसरच्या टोपणावरचं वाचा. ३७७० च्या पुढे टी असेल तर तो ४५ वॅटवाला, मूळ वेगच २.५. साध्या ३७७० वर एसआर०पीके हा कोड असतो.

पत्रिकावाला, बार्शी

पॉवर ऑप्शन १०० टक्केच आहे. कूलर काढला (पेस्ट पुन्हा लावावी लागली, बोटं अजून राखाडी). टोपणावर एसआर०पीके, ३.४० गिगाहर्ट्झ. टी-बी काही नाही. पेस्ट नवीन लावूनही दुपारी तेच, कोअर ६० अंश, गुणक १६.

रामभरोसे भाऊ, बार्शी-मुंबई रात्रभराचा प्रवास आहे. त्यात सीझन. खात्री असल्याशिवाय जात नाही.

सोल्डरिंगवाला

पत्रिकावाले, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. चारही कोअर कामाला लागले की ३७७० ला ३.७ मिळायला पाहिजे, आणि सकाळी ते मिळतंय. ६४८ हा अगदी तब्येतीत असलेल्या ३७७० चा आकडा आहे. आता त्याला ३.७ ने भागा आणि १.६ ने गुणा. २८० येतात. तुम्हाला दुपारी आले २८७. म्हणजे प्रोसेसर जेवढा वेग मिळतोय तेवढं काम इमानाने करतोय, त्याला कुणीतरी मुद्दाम १.६ वर धरून ठेवलंय.

माल दुय्यम असता तर सकाळीही मार खाल्ला असता. सेटिंगची भानगड असती तर तिला सकाळ-दुपार कळली नसती. उन्हासोबत बदलतं ते तापमान. पण प्रोसेसर ६० वर आहे आणि याची स्वतःची मर्यादा १०५. मग तापतंय कोण?

सॉकेटच्या डाव्या अंगाला, पाठीमागच्या यूएसबी-कीबोर्डच्या जोडण्या आणि सॉकेट यांच्या मधे, काळ्या चपट्या चिपांची रांग दिसेल. शेजारी करड्या चौकोनी कॉइल. ते मॉस्फेट. एसएमपीएसकडून (काँप्युटरला वीज देणारा डबा) आलेले १२ व्होल्ट तिथे उतरून एक व्होल्टच्या आसपास होतात आणि प्रोसेसरला जातात. स्वस्त एच६१ बोर्डावर त्यांच्या डोक्यावर साधी ॲल्युमिनियमची पट्टीही नसते. आय३ दोन कोअरचा, ६५ वॅटचा आणि तेवढेही क्वचितच ओढणारा. हा चार कोअरचा, ७७ वॅटचा. ती रांग तापली की बोर्ड प्रोसेसरच्या प्रोकहॉट नावाच्या पिनेवर इशारा देतो, ‘बाबा, हळू’. प्रोसेसर स्वतः थंड असला तरी त्याला ते ऐकावंच लागतं, आणि तो थेट सर्वात खालच्या गुणकावर जातो.

आता मला एक सांगा, आय३वर कोणता पंखा होता?

पत्रिकावाला, बार्शी

कंपनीचाच, डब्यातला. गोल, बुटका. तो आता ड्रॉवरमध्ये आहे.

सोल्डरिंगवाला

मग झालं! तो बुटका पंखा वरून खाली फुंकतो. प्रोसेसरला वारा लागतोच, पण उरलेला बोर्डावर पसरून त्या रांगेवरूनही जातो. टॉवरचा वारा बोर्डाला समांतर, मागच्या जाळीतून बाहेर. ७०० रुपये देऊन तुम्ही प्रोसेसर गार केला आणि शेजाऱ्याचा वारा बंद केला.

दोन तपासण्या करा, पैसे लागत नाहीत.

दुपारी मशीन रडायला लागलं की कॅबिनेटचं झाकण काढा आणि टेबल फॅन थेट सॉकेटच्या डाव्या अंगावर सोडा. मिनिटभरात गुणक ३७ वर चढला तर चोर सापडला.

तरी शंका राहिली तर थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर उघडून बीडी प्रोकहॉटची खूण काढा. त्याने प्रोसेसर बाहेरून येणाऱ्या इशाऱ्याला बहिरा होतो. वेग लगेच परत आला तर अडवणूक बाहेरूनच होती हे पक्कं. पण खूण लगेच परत लावा. काही जण ती कायमची काढून ‘प्रॉब्लेम सॉल्व्ह’ म्हणतात आणि चार महिन्यांनी जळका बोर्ड घेऊन माझ्या टेबलावर येतात. मॉस्फेट उडताना कधी कधी प्रोसेसरलाही सोबत नेतो.

रामभरोसे_रॅम

बोर्डच बदला मग.

चहाबाज

रामभरोसे, तुम्ही पंक्चर निघालं की गाडी विकता का?

पत्रिकावाला, बार्शी

बुधवार, दुपारी अडीच. पत्र्याचं दुकान, बाहेर ४१ अंश. याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

स्मरणिकेचा पीडीएफ पुन्हा पुन्हा लावत राहिलो, चार मिनिटांत गुणक १६. झाकण आधीच काढलं होतं. कोरोनातली कपाळावर धरायची बंदूक गल्ल्यात पडून होती, ती त्या काळ्या चिपांवर धरली. तिने नुसतं ‘हाय’ दाखवून हात टेकले. मग (हे कुणी करू नका) बोट टेकवलं. तव्याला लागल्यासारखं झटकन मागे आलं. तेच बोट टॉवर कूलरच्या पत्र्यांवर ठेवलं तर नुसते कोमट.

टेबल फॅन सोडला. मी सेकंद मोजत होतो, पन्नासच्या आत १६ चे ३७ झाले आणि तिथेच राहिले. फॅन फिरवला, सहा-सात मिनिटांनी पुन्हा १६. पुन्हा फॅन, पुन्हा ३७. भाच्याने व्हिडिओ काढला. थ्रॉटलस्टॉपची खूण काढूनही बघितलं, वेग टपकन वर आला. खूण परत लावली आहे, शपथ.

आता ड्रॉवरमधला बुटका पंखा बसवू का? आय३चा पंखा आय७ला झेपेल?

सोल्डरिंगवाला

झेपायला झेपेल, पण तो आय३सोबत आलेला नुसत्या ॲल्युमिनियमचा असणार, तळाला तांब्याचा गट्टू नसेल. तुमच्याकडच्या उन्हात कोअर ऐंशीच्या पुढे जातील आणि पंखा दिवसभर बोंबलेल. टॉवर राहू द्या. जुन्या एसएमपीएसमधला ८० मिलिमीटरचा पंखा मिळाला तर त्याला एसएमपीएसमधून येणाऱ्या मोलेक्स जोडणीच्या पिवळ्या-काळ्या वायरवर घ्या (लाल नको, ते ५ व्होल्ट, रडत फिरेल) आणि केबल टायने असा बांधा की वारा थेट रांगेवर पडेल. जमलं तर छोट्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंक मिळतात, थर्मल टेपसकट. प्रत्येक चिपवर एक. शेजारच्या पायांना टेकू देऊ नका, शॉर्ट होईल.

पत्रिकावाला, बार्शी

शुक्रवार. मुदत काल संपली, मी मुंबईला गेलो नाही.

भंगारातल्या एसएमपीएसचा पंखा टॉवरच्या मागच्या अंगाला तीन केबल टायने बांधलाय. दिसायला म्हणाल तर बैलगाडीला हेलिकॉप्टर. हीटसिंक मागवल्यात, आल्या नाहीत. आज दुपारी तीन वाजता स्मरणिका सलग पाच वेळा काढली: १:०४, १:०५, १:०५, १:०७, १:०५. गुणक ३७, एकदाही हलला नाही. सिनेबेंच ६४३.

सोल्डरिंगवाले साहेब, बार्शीला आलात तर तुमच्या घरच्या कार्याच्या पहिल्या शंभर पत्रिका माझ्याकडून.

एक राहिलं. हा पंखा चालू करताना दर वेळी दहा सेकंद घरघरतो, मग गप्प होतो. बेअरिंगमध्ये शिलाई मशीनचं तेल घातलं तर चालेल का?

सोल्डरिंगवाला

चालेल. स्टिकर सोलून एकच थेंब. आणि स्टिकर नीट परत चिकटवा, नाहीतर तेल बोर्डावर.