कोकणात मुक्काम कुठे करावा? वाडीतल्या घरात की समुद्रासमोरच्या रिसॉर्टमध्ये?

सुरंगी
कोकणची सहल ठरली की पहिला प्रश्न येतो, "खोली सी-फेसिंग आहे ना?" श्रीवर्धन, दापोली, गुहागर या पट्ट्यात जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते. समुद्रासमोरच्या खोलीचा हट्ट सोडा आणि गावात, वाडीतलं घर शोधा.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे समुद्रासमोरची खोली दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत तापत राहते. मग काचेवर जाड पडदा आणि आत एसी. ज्या समुद्रासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो दिवसभर पडद्याआड! जुन्या गावांना हे पक्कं ठाऊक होतं. गुहागरची वस्ती बघा. वरचा पाट, खालचा पाट असा लांबलचक रस्ता, त्याच्या कडेने घरं. समुद्राकडच्या घरांच्या मागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे सुरूची झाडं आणि मग पुळण. खारा वारा झाडांवर अडतो, घर गार राहतं, आणि मागच्या दाराने निघालं की थोडं चालून वाळू. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पडवीत झोपाळा हे सगळं सुंदर आहेच, पण मला खरं सौंदर्य त्या मांडणीत दिसतं. हवा, पाणी, ऊन यांचा विचार करून बांधलेल्या घरात दोन रात्री काढणं, याला मी कोकण बघणं म्हणते.

दुसरं कारण पैशाचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली की सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात. तोवर दोन खोल्या पाहुण्यांना देणं हाच अनेक घरांचा आधार होता. अशा घरी उतरलात तर तुमचे पैसे थेट त्या घरात जातात.

मुक्कामी
सुरंगीताई, उन्हाचा मुद्दा मान्य. बाकीचा नाही.

माझ्यासोबत आई-वडील असतात. आईचे गुडघे दुखतात. जुन्या घरात उंच जोतं, त्याच्या दगडी पायऱ्या, रात्री संडासला जायचं तर मागचं अंगण ओलांडायचं. वीज गेली तर इन्व्हर्टर असेलच असं नाही. वडिलांना वाळूतून चालता येत नाही, त्यामुळे समुद्र "थोडं चालून" असेल तर त्यांच्यासाठी तो नाहीच. त्यांनी खुर्चीत बसून सूर्यास्त बघावा एवढ्यासाठी मी सी-फेसिंग खोली घेतो आणि त्याचे पैसे मला कधीही जड वाटत नाहीत. गणपतीपुळ्याला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान थेट किनाऱ्यालगत आहे, देऊळही जवळ. म्हाताऱ्या माणसांना याहून सोयीचं काय?

शिवाय "घरगुती" या पाटीखाली आता काय मिळतं तेही लिहा. बऱ्याच ठिकाणी जुनं घर पुढे तसंच असतं, फोटोही त्याचाच असतो, आणि तुम्हाला मिळते मागे वाडी तोडून बांधलेली स्लॅबची खोली. त्यात कसला आलाय पडवीचा गारवा?

दर्यावर्दी
मला वेगळंच म्हणायचंय. रस्त्यालगतचं मोठं घर, मागे वाडी, पुढे अंगण हे गावात सगळ्यांकडे नसतं. कुणबीवाडी, बौद्धवाडी, कोळीवाडा इथली घरं पर्यटकांच्या फोटोत येत नाहीत. त्यामुळे "पैसे थेट त्या घरात जातात" म्हणताना ते घर गावातल्या कुठल्या आळीतलं हेही विचारायला हवं. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये आमच्या वाडीतली मुलं स्वयंपाकघरात, बागेत, काउंटरवर कामाला आहेत. दर महिन्याला पगार मिळतो. नाहीतर मुंबईची गाडी धरायची वेळ त्यांच्यावर आली असती.

आणि खाण्याचं काय? घरगुती निवासांपैकी बरीच ठिकाणं शाकाहारी. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायचा आणि रात्री मुक्कामाच्या घरी मासे चालत नाहीत म्हणून बटाट्याची भाजी खायची, हे मला पटत नाही.

सुरंगी
दर्यावर्दी, आळीचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो इथे निघाला हे बरं झालं. पण त्यावरचा उपाय रिसॉर्ट आहे असं मला वाटत नाही. मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे उतरतात ते गावकऱ्यांच्या साध्यासुध्या घरांत. गादी जमिनीवर, जेवण घरचं. घर देखणं असायची अटच नाही.

शिवाय कासवाची पिल्लं वाळूतून बाहेर आली की उजेडाच्या दिशेने धावतात. एरवी तो उजेड समुद्रावरचा असतो. किनाऱ्यावर रात्रभर दिवे जळत असतील तर पिल्लं उलटी जमिनीकडे जातात. ओळीने प्रखर दिवे लावणाऱ्या रिसॉर्टमध्ये उतरायचं आणि सकाळी पिल्लं बघायला वेळासला जायचं, हे मला जमणार नाही.

मुक्कामी
वेळास हे वेळासच आहे. पिल्लं बघायला लोक येतात ते साधारण फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत, तेही मुख्यतः शनिवार-रविवार. त्यावरून सगळ्या किनाऱ्याचा नियम काढू नका. दिव्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यासाठी रिसॉर्टवाल्यांना नियम लावा, मी सोबत आहे. पण वडिलांची खुर्ची मी हलवणार नाही.

अबोली
मी दापोली तालुक्यातल्या अशाच एका घरची सून. आमच्याकडे तीन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. इथे सगळे उतरणाऱ्यांच्या बाजूने बोलताय, म्हणून लिहिते.

घरगुती निवासाचं सगळं कौतुक शेवटी घरातल्या बायकांच्या हातावर चालतं. पहाटे उठून पाणी तापवणं, घावणे, नारळ खवणं, दोन वेळची जेवणं, चादरी. दहा माणसांचं जेवण सांगून ठेवतात आणि ऐन वेळी फोन येतो, "आम्ही बाहेरच जेवून आलो." ते अन्न आणि ते श्रम कुणाच्या हिशेबात धरायचे? रात्री नऊला पोचून उकडीचे मोदक मागतात. रिसॉर्टचं बिल करासकट निमूट भरणारी माणसं आमच्याकडे ताटामागे वीस रुपये कमी करा म्हणतात. "घरच्यासारखं" म्हणजे स्वस्त, असं धरून चालू नका.

तरीही मला हे काम हवं आहे. वादळानंतर वाडीतून काही येत नव्हतं तेव्हा याच खोल्यांनी मुलांच्या फिया भरल्या, आणि पहिल्यांदाच पैसे माझ्या खात्यात जमा झाले. मुक्कामींचंही खरं आहे, मागे स्लॅबच्या खोल्या होतात. पण त्या का होतात? पाहुण्यांना आत जोडलेला संडास हवा असतो. जुन्या माजघराला तो जोडणं खर्चाचं आणि अवघड.

दर्यावर्दी
अबोलीताई, हे कुणीतरी लिहायला हवं होतं. मग तुमच्याकडे मासे चालतात का? जानेवारीत पाहुणे आणायचे आहेत, चौघं, त्यातल्या एक काकू काठी घेऊन चालतात.

अबोली
चालतात. आदल्या संध्याकाळी सांगा, म्हणजे सकाळी बंदरावरून ताजे आणता येतील. काकूंसाठी कुठेही फोन कराल तेव्हा जोत्याला पायऱ्या किती, कठडा आहे का, कमोड आहे का, तो खोलीतच आहे की बाहेर, हे स्पष्ट विचारा आणि दाखवलेल्या फोटोतली खोलीच मिळणार का हेही विचारा. विचारलं तर आम्हाला राग येत नाही. शक्यतो सोमवार ते गुरुवार या. तेव्हा खोल्या रिकाम्या असतात, आणि मलाही पाहुण्यांशी दोन शब्द बोलायला सवड मिळते.