'लम्हे'च्या हनी इराणी म्हणजे जुन्या पिक्चरमधली ती बालकलाकारच का?

रविवारची_मॅटिनी:
काल टीव्हीवर 'लम्हे' लागला होता. टायटल्समध्ये कथा म्हणून हनी इराणींचं नाव दिसलं, तर आई म्हणते, ही 'चिराग कहाँ रोशनी कहाँ'मधली! तो पिक्चर १९५९चा, 'लम्हे' १९९१चा. खरंच त्याच का? आणि मधल्या काळात काय करत होत्या?

टुरिंग_टॉकीज:
त्याच. डेझी इराणींची धाकटी बहीण. झोया आणि फरहान अख्तरची आई.

तिसरी_घंटा:
आईंची नजर पक्की आहे! त्या पिक्चरमध्ये हनी मुलगा झाली होती. डेझीलाही मुलग्यांचीच कामं मिळायची, कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मोठेपणी 'सीता और गीता'त (१९७२) हनी त्या खडूस शीलाच्या भूमिकेत आहेत. त्याच सुमारास जावेद अख्तरांशी लग्न, मग मुलं, आणि पुढे घटस्फोट.

पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हिंदीत कथा एकाची, संवाद दुसऱ्याचे, आणि टाळ्या संवादांना. 'लम्हे' आणि 'डर', दोन्हींची कथा हनींची, पण 'लम्हे'चे संवाद राही मासूम रझांचे, 'डर'चे जावेद सिद्दिकींचे. फिल्मफेअरने 'लम्हे'साठी कथा आणि संवाद अशी दोन वेगळी बक्षिसं दिली, ते एक बरं केलं. आईवर प्रेम करणाऱ्या माणसावर मुलगी जीव लावते, हे १९९१ साली इथल्या प्रेक्षकाला झेपलं नाही, पिक्चर आपटला. परदेशात मात्र चालला.

हनींनीच लिहिलेला 'क्या कहना' (२०००) तर मी त्याहून वर ठेवेन. कुंवार मुलगी मूल ठेवते, आणि त्या मुलाचा बाप परत आला तरी त्याला नकार देते. असं लिहायला धाडस लागतं राव.

टुरिंग_टॉकीज:
मान्य, पण 'अरमान'चं काय? २००३मध्ये स्वतः दिग्दर्शन केलं, अमिताभ, अनिल कपूर हाताशी, तरी दवाखान्यातला तो गुंता मला फार कंटाळवाणा वाटला. आणि त्याच वर्षीच्या 'कोई मिल गया'च्या पटकथेला चार नावं आहेत, त्यात त्यांचं किती हे कसं ठरवणार?

तिसरी_घंटा:
'अरमान' सोडून द्या, तो मीही अर्धाच बघितलाय. 'डर' मात्र एकट्यांची कथा आहे. हीरो सनी देओल, आणि लक्षात कोण राहिला सांगा!