खेड्यातील वाचनालयाचा जुना संग्रह जागेवरच स्कॅन करायचा आहे : मार्गदर्शन हवे

सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या एका 'क' वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. आमच्याकडे पुस्तकांखेरीज दोन लोखंडी कपाटे भरून जुने कागद आहेत आणि त्यांची यादी आजवर कोणी केलेली नाही. ग्रंथखरेदी, सेवकांचे वेतन आणि वीजबिल भागवल्यावर अनुदानातून अशा कामासाठी काय उरते, हे वाचनालये चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

संग्रह चार प्रकारचा आहे. वतनदार घराण्यांनी दिलेले मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत, निजामी अमलातील उर्दू महसुली कागद आहेत आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळातील वृत्तपत्रांचे गठ्ठे आहेत. चौथा प्रकार छायाचित्रांचा असून माझी खरी काळजी त्याचीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या परिसरातील अनेक गावे मूळ जागा सोडून नव्या वसाहतींत गेली. तेथील काही कुटुंबांनी ढिगाऱ्यातून वाचलेले लग्नाचे अल्बम, शाळेचे वर्गफोटो आणि जत्रेची छायाचित्रे आमच्या स्वाधीन केली आहेत. एका लग्नाच्या फोटोत नवरदेवामागे माळवदाचे घर, दगडमातीची रुंद भिंत आणि तिच्यातला दिवळीचा कोनाडा स्वच्छ दिसतो. त्या गल्लीचे चित्र आज दुसरीकडे कोठेही मिळणार नाही, आणि ती ओळखणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. अडचण अशी की हे अल्बम चिकट पानांचे असून वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा उचलला की त्याबरोबर फोटोचा रंगही निघून येतो.

बाहेरच्या संस्थेकडून काम करून घेण्याचा मार्ग आम्हाला बंद आहे. पूर्वी एका गृहस्थांनी 'अभ्यासासाठी' म्हणून नेलेला मोडी रुमाल परत आला नाही. तेव्हापासून देणगीदार घराण्यांची एकच अट आहे, ती म्हणजे कागद गावाबाहेर जाता कामा नये. ही अट मला रास्त वाटते.

कार्यकारी मंडळातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की मोडी कागद सर्वांत जुने, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून व्हावी. मला मात्र वृत्तपत्रांची चिंता अधिक वाटते, कारण घडी उघडताच कडांचा भुगा होतो. त्यातच सूचीचाही पेच आहे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ साली सुरू केलेल्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर निजाम सरकारने बंदी घातली की तेच पत्र दुसऱ्या नावाने निघत असे. असे अंक एकाच नोंदीखाली घ्यावेत की प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद करावी?

याशिवाय साधने कोणती घ्यावीत, किती डीपीआय (प्रति इंच ठिपके, म्हणजे स्कॅनची सूक्ष्मता) ठेवावा आणि यातले काय इंटरनेटवर टाकता येईल, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे. वीज दुपारी बहुधा नसते, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद

कार्यवाह महोदय, वृत्तपत्रांबाबत आपलेच म्हणणे बरोबर आहे. मोडी दप्तरांचा हातकागद आणि काजळीची शाई कोरड्या जागी शतकानुशतके टिकतात. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असल्याने त्यातील आम्लच त्याला आतून खाते. म्हणून आधी वृत्तपत्रे आणि अल्बम घ्यावेत. तोवर मोडी रुमाल धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधून ठेवले तरी चालेल. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये, कारण ते पुढे काढता येत नाही.

बांधीव वह्या आणि गठ्ठे स्कॅनरच्या काचेवर पालथे दाबले की शिवण तुटते. त्यापेक्षा स्टँडवर खाली रोखलेला कॅमेरा आणि दोन्ही बाजूंनी तिरके येणारे दोन दिवे वापरावेत. बॅटरीवर चालणारे दिवे घेतले तर विजेवाचूनही काम होते. सुट्या फोटोंसाठी साधा सपाट स्कॅनर पुरेसा आहे. ए-४ आकाराचे एक रंगीत पान ४०० डीपीआयने, न आकुंचवता टिफ या चित्र-फाइलच्या प्रकारात साठवले तर सुमारे ४६ एमबी होते आणि ३०० डीपीआयने सुमारे २६ एमबी. बारीक उर्दू अक्षरासाठी ४०० ठेवावे. छापील मजकुराला ३०० चालते. मूळ टिफला हात लावू नये, वाचकांसाठी वेगळी जेपेग (आकाराने लहान फाइलची) प्रत काढावी. तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतली एक गावाबाहेर, लातुरात कोणा विश्वासू संस्थेकडे असावी. कागद गावातच राहतो, बाहेर जाते ती केवळ प्रत, हे देणगीदारांना समजावून सांगता येईल.

मात्र कॅमेरा उघडण्याआधी दाखल नोंदवही करावी. प्रत्येक रुमालाला क्रमांक द्यावा, पानांवर मऊ पेन्सिलीने आकडा घालावा आणि फाइलचे नाव त्याच क्रमांकावरून ठेवावे. नावे बदलत गेलेल्या साप्ताहिकासाठी प्रत्येक नावाची स्वतंत्र नोंद करून 'आधीचे नाव' आणि 'नंतरचे नाव' असे दोन रकाने जोडावेत. वाचक कोणत्याही नावाने आला तरी त्याला सगळे अंक सापडतील.

अल्बमचा पापुद्रा ओढू नये. आधी आहे तसाच, प्लॅस्टिकवरूनच, प्रकाश तिरका ठेवून फोटो टिपून घ्यावा. नंतर पापुद्रा सहज सुटत असेल तरच उचलावा आणि दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवून तो सोडवावा.

कायद्याचे म्हणाल तर सार्वजनिक ग्रंथालयाकडे कागदी प्रत असेल, तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्यास २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. ती इंटरनेटवर टाकणे ही वेगळी बाब आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. भूकंपातील कुटुंबांच्या फोटोंना तर कायद्याआधी त्या घराची लेखी संमती हवी. ती मिळेपर्यंत ते वाचनालयातल्या संगणकावरच दाखवावेत. तोवर वृद्धांना बसवून कोण, कोठे, कोणाचे घर हे विचारून ध्वनिमुद्रित करावे आणि या कामाला स्कॅनिंगहूनही अधिक घाई करावी.

मूळ लेखकाचे उत्तर

आपण सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. आपला प्रतिसाद छापून येत्या बैठकीत मंडळापुढे ठेवतो. संमतीपत्राचा मसुदा कोणाकडे तयार असेल तर कृपया येथे द्यावा. उर्दू महसुली कागद शिकस्त (घाईच्या, मोडक्या) वळणाचे असल्याने गावातले उर्दू जाणणारे निवृत्त गुरुजीही अडखळतात. लातूर, धाराशिव किंवा बीड भागातील कोणी जाणकार काही दिवस येऊ शकत असतील, तर प्रवासखर्च आणि राहण्या-जेवणाची व्यवस्था वाचनालय करील.